समुद्रावरचं रहाटगाडगं: ब्रिटिश आरमार मोठं कसं झालं?

नाशिकची द्राक्षं न्हावा-शेवाहून युरोपला निघाली की त्यांची नेहमीची वाट म्हणजे तांबडा समुद्र आणि पुढे सुएझ कालवा. नोव्हेंबर २०२३पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी या वाटेवरच्या जहाजांवर हल्ले सुरू केले. बड्या जहाज कंपन्या मग आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागल्या. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, कंटेनरचं भाडं चढलं, विम्याचा हप्ता चढला. द्राक्ष मात्र कुणासाठी थांबत नाही.

त्या काळात 'सागरी व्यापारी मार्गांचं संरक्षण' हे शब्द बातम्यांत रोज कानावर पडायचे. समुद्राला ना कुंपण, ना फाटक. तिथे राखण करायची म्हणजे नेमकं काय करायचं? कोणी करायची? खर्च कोणी सोसायचा? या तीन प्रश्नांशी अडीचशे-तीनशे वर्षं झटलेला देश म्हणजे ब्रिटन. 'ब्रिटिशांचं आरमार जगात बलाढ्य होतं' हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं, पण ते बलाढ्य झालं कसं, हे सहसा कुणी सांगत नाही.

## सुरुवात लुटीपासून

१५८८मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं, तेव्हा त्याला तोंड द्यायला जमलेल्या दोनशेच्या आसपास जहाजांपैकी राणी एलिझाबेथच्या मालकीची होती फक्त ३४. बाकीची बहुतेक व्यापाऱ्यांची. आज लोकर वाहणारं जहाज उद्या तोफा चढवून लढायला उभं, अशी रीत होती. व्यापारी आणि लढवय्या यांत फार फरक नव्हता. खरं सांगायचं तर व्यापारी आणि दरोडेखोर यांतही नव्हता. सरकारकडून सनद घ्यायची, शत्रूच्या देशाची जहाजं लुटायची आणि लुटीतला वाटा सरकारला द्यायचा, हा तेव्हा प्रतिष्ठित धंदा होता. या मंडळींना आपण 'सनदी लुटारू' म्हणू.

१५९२मध्ये इंग्रजांनी अझोर्स बेटांजवळ 'माद्रे दे देउस' हे हिंदुस्थानाकडून परतणारं पोर्तुगीज जहाज पकडलं आणि डार्टमथ बंदरात आणलं. आत मिरी, लवंगा, जायफळ, रेशीम. पूर्वेकडच्या व्यापारात केवढा पैसा आहे, ते लंडनच्या लोकांना डोळ्यांनी दिसलं. आठ वर्षांनी, १६००मध्ये, ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली.

पण लुटणाऱ्यालाही लुटणारा भेटतोच. उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतले लुटारू थेट इंग्लिश खाडीपर्यंत येऊ लागले. १६३१मध्ये त्यांनी आयर्लंडच्या बाल्टिमोर गावावर रात्री छापा घालून शंभराहून अधिक माणसं गुलाम म्हणून उचलून नेली. किनाऱ्यावरचे लोक विचारू लागले, राजा करतो काय?

## राजाने पट्टी बसवली आणि बिघडलं

राजा पहिला चार्ल्स याने उपाय काढला 'जहाजपट्टी'चा. किनाऱ्यावरच्या गावांकडून जहाजांसाठी कर घ्यायची जुनी वहिवाट होतीच. त्याने १६३५मध्ये ती देशाच्या आतल्या भागालाही लावली, तीही संसदेला न विचारता. कोकण किनाऱ्याच्या राखणीसाठी बुलढाण्याच्या शेतकऱ्याकडून पट्टी मागावी, तसंच ते. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने वीस शिलिंग भरायला नकार दिला आणि खटला गाजला. न्यायाधीशांनी सात विरुद्ध पाच असा कौल राजाच्या बाजूने दिला, पण लोकांच्या मनातून राजा उतरला. पुढे यादवी युद्ध झालं आणि १६४९मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला. कारणं अनेक होती, जहाजपट्टी त्यांतलं एक.

गंमत म्हणजे त्याची कल्पना चुकीची नव्हती. पट्टीच्या पैशातून जहाजं बांधलीही गेली. पैसे मागायची पद्धत चुकली. जिंकलेल्या संसदेने तो धडा घेतला. १६५०मध्ये आयात-निर्यातीवरच्या जकातीत १५ टक्क्यांची वाढ करून ती रक्कम व्यापारी जहाजांना सोबत देणाऱ्या युद्धनौकांसाठी राखून ठेवली. ज्याचा माल, त्याचीच जकात आणि त्याचीच राखण. असा कर कुरकुरत का होईना, माणूस देतो.

पुढच्याच वर्षी आला नौकानयन कायदा. आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतला माल इंग्लंडमध्ये आणायचा तर इंग्लिश जहाजांतूनच आणायचा, असा त्याचा गाभा. १६६०च्या सुधारणेत खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्लिश हवेत, अशी अट आली. हा घाव होता डच लोकांवर, कारण तेव्हा दुसऱ्यांचा माल वाहण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. वर्षभरात डचांशी लढाई जुंपली.

## रहाट फिरतो कसा?

विहिरीवरचा रहाट आठवा. चाकावर गाडग्यांची माळ. एक भरून वर येतं, रिकामं होऊन खाली जातं, तोवर दुसरं भरलेलं असतं. ब्रिटिश आरमाराची घडण अशीच आहे.

व्यापार वाढला की जकात वाढते. जकातीतून युद्धनौका बांधल्या जातात. युद्धनौका असल्या की वाट सुरक्षित राहते, विमा स्वस्त होतो, माल स्वस्त पोचतो, व्यापार आणखी वाढतो. याच माळेत माणसांचंही एक गाडगं आहे. शीड हाताळायला लागणारा खलाशी दोन महिन्यांत तयार होत नाही, त्याचं आयुष्य समुद्रावर जावं लागतं. हे शिक्षण व्यापारी जहाजांवर फुकट व्हायचं आणि लढाई आली की आरमार तीच माणसं उचलायचं. 'उचलायचं' हा शब्द शब्दशः घ्या. पकडपथकं बंदरात फिरायची, परतलेल्या व्यापारी जहाजांवर चढायची आणि धडधाकट खलाशी ओढून न्यायची. १७९२मध्ये, शांततेच्या काळात, आरमारात सोळा-सतरा हजार माणसं होती. १८१०च्या सुमारास, नेपोलियनशी झुंज चालू असताना, हा आकडा १ लाख ४० हजारांच्या वर गेला. वर्षानुवर्षांनी घरी परतणारा खलाशी गावाच्या धक्क्यावरून पुन्हा पकडला जाई. ब्रिटिश समुद्री वैभवाच्या वर्णनांत हा माणूस बहुधा गायब असतो.

मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता अ‍ॅडम स्मिथ एरवी असल्या बंधनांच्या विरोधात. पण नौकानयन कायद्याचं त्याने समर्थन केलं, कारण त्याच्या मते देशाचं संरक्षण समृद्धीहून महत्त्वाचं होतं. जहाज महाग पडलं तरी चालेल, खलाशी आपले हवेत.

रहाटाला पाणी न मिळाल्यास काय होतं, तेही इंग्रजांनी अनुभवलं. १६६७मध्ये खजिना आटला म्हणून मोठी जहाजं गोदीत बांधून ठेवली होती. डच आरमार मेडवे नदीत घुसलं, आडवी बांधलेली साखळी पार केली, जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे इंग्लंडचं मानाचं जहाज ओढून घेऊन गेलं. त्याच्या मागच्या भागावरची कोरीव नक्षी आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात मांडलेली आहे.

## काफिला म्हणजे काय, आणि व्यापारी त्यावर का चिडायचे?

व्यापारी जहाजांनी घोळक्याने जायचं आणि सोबत युद्धनौका द्यायच्या, याला काफिला म्हणायचं. लमाणांचा तांडा बैलांवर मीठ-धान्य लादून रानातून जायचा तो एकत्रच, तसा.

यावर पहिला आक्षेप असतो की सगळे एकत्र गेले तर लुटारूला आयतं घबाडच की! वरवर पटतं. पण माळावर चाळीस शेळ्या विखुरल्या असतील तर लांडग्याला दिवसभरात एखादी तरी गाठतेच. त्याच शेळ्या एका ठिकाणी, कुत्र्यांसह असतील, तर बाकीचा माळ मोकळा. लांडगा दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला चाळीसपैकी एकही दिसत नाही. समुद्र एवढा अफाट आहे की चाळीस जहाजांचा घोळका हेरणं हे एकटं जहाज हेरण्यापेक्षा थोडंच सोपं असतं. आणि हेरलाच, तरी तिथे तोफा असतात.

घोळका सापडला की मात्र नुकसान भयंकर. १६९३मध्ये तुर्कस्तानातल्या स्मर्नाकडे निघालेला इंग्लिश-डच काफिला पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ फ्रेंचांच्या तावडीत सापडला आणि नव्वदच्या आसपास जहाजं गेली. लंडनमध्ये हाहाकार उडाला. ऑगस्ट १७८०मध्ये तर स्पेन आणि फ्रान्सच्या संयुक्त आरमाराने ६३ जहाजांच्या ब्रिटिश काफिल्यातली ५५ पकडली. राखण नावालाच असली की असं होतं. १७०८मध्ये संसदेने कायदाच केला, की ४३ युद्धनौका व्यापाराच्या राखणीसाठीच बाजूला ठेवायच्या, सेनापतींनी त्या दुसरीकडे वळवायच्या नाहीत. व्यापाऱ्यांचा संसदेवर केवढा दाब होता, याची कल्पना यावी.

तरी व्यापारी काफिल्याला वैतागत. महिनोन्महिने बंदरात सगळे जमायची वाट पाहायची, मग सर्वांत मंद जहाजाच्या चालीने जायचं. आणि वेस्ट इंडीजची साखर घेऊन शंभर जहाजं एकदम पोचली की भाव कोसळायचा. लासलगावला सगळ्यांचा कांदा एकाच दिवशी उतरला तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. म्हणून किनारा जवळ आला की काही कप्तान हळूच पुढे सटकायचे. १७९८च्या कायद्याने काही अपवाद वगळता काफिला सक्तीचा केला आणि सटकणाऱ्यांना दंड ठेवला.

## कॉफीच्या दुकानातला हिशेब

१६८०च्या दशकात लंडनमध्ये एडवर्ड लॉइडचं कॉफीचं दुकान होतं. जहाजमालक आणि व्यापारी तिथे बसून बातम्या काढत आणि जोखीम वाटून घेत. आपल्या भिशीसारखं समजा: एकट्याचं जहाज बुडालं तर एकटा बुडू नये, म्हणून अनेकांनी थोडा थोडा भार उचलायचा. याच दुकानातून 'लॉइड्स' हा विम्याचा बाजार उभा राहिला. सागरी जोखमीचा मोठा धंदा आजही तिथे चालतो.

विमापत्रात एक मजेदार कलम असे: जहाज काफिल्यातून गेलं तर हप्त्याचा काही भाग परत. म्हणजे आरमाराची किंमत रोख रकमेत मोजता येत होती. माझ्या मते हीच खरी गोम आहे. फ्रान्समध्ये युद्धनौका राजाच्या वैभवासाठी बांधली जाई, लंडनमध्ये तिचा हिशेब वहीत लिहिला जाई.

१६९४मध्ये फ्रान्सशी लढाई चालू असताना बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. लोकांनी सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले. परतफेडीची हमी संसदेची, त्यामुळे पैसे बुडायची भीती कमी. पुढे याच विश्वासावर ब्रिटनने शत्रूपेक्षा स्वस्तात कर्ज काढलं.

## पण फ्रान्स तर कितीतरी मोठा होता!

होता. १७००च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या इंग्लंडच्या तिपटीहून अधिक होती आणि जहाजं बांधण्यात फ्रेंच कारागीर सरसच. पण फ्रान्सला जमिनीवरच्या सीमा राखायच्या होत्या. तिजोरीवर पहिला हक्क फौजेचा. ब्रिटनला समुद्र हाच तट.

शिवाय ब्रिटन उंबरठ्यावर बसलेलं. अटलांटिककडे जायला डच जहाजांना एक तर इंग्लिश खाडीतून जावं लागे, नाही तर स्कॉटलंडला वळसा घालावा लागे. १७४०च्या दशकात अ‍ॅडमिरल अ‍ॅन्सन याने या भूगोलाचा फायदा उठवला. खाडीच्या पश्चिम तोंडाशी एक मोठं पथक कायम फिरतं ठेवायचं. तिथून आपल्या घरी येणाऱ्या जहाजांनाही संरक्षण मिळतं आणि फ्रान्सच्या ब्रेस्ट या मुख्य आरमारी बंदरावरही नजर राहते. शत्रूला बंदरातून बाहेरच पडू द्यायचं नाही, ही नाकेबंदी. वाट राखायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे चोराच्या दारात बसणं.

सांगायला सोपं. पश्चिमेच्या वादळी वाऱ्यात महिनोन्महिने समुद्रावर टिकायचं कसं? १७५९मध्ये अ‍ॅडमिरल हॉक याच्या पथकाने ब्रेस्टसमोर जवळपास सहा महिने ठाण मांडलं, तेव्हा इंग्लंडहून जहाजांतून जिवंत बैल, भाजीपाला आणि बिअर पाठवली जात होती. फ्रेंच आरमार अखेर बाहेर पडलं ते नोव्हेंबरच्या वादळात, आणि किबेरॉनच्या उपसागरात हॉकने त्याचा धुव्वा उडवला. ही लढाई जितकी तोफांनी जिंकली, तितकीच भाजीने.

कारण खलाशांचा खरा शत्रू होता स्कर्व्ही. ताजी फळं-भाजी न मिळाल्याने हिरड्या सडायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, माणूस मरायचा. जेम्स लिंड या वैद्याने १७४७मध्ये आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं खाणारे सर्वांत आधी उभे राहिले. तरी लिंबाचा रस आरमारात सर्रास मिळायला १७९५ उजाडावं लागलं. सरकारी फाइल तिकडेही हळूच सरकते.

## मग कान्होजी आंग्रे 'चाचे' कसे?

आता आपल्या किनाऱ्याकडे. मुंबई १६६१च्या विवाह-तहात पोर्तुगालने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली आणि १६६८मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. दक्षिणेला लागूनच मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा आणि त्याचे पैसे भरावेत. न घेणाऱ्याचं जहाज जप्त.

कंपनीच्या कागदांत याला चाचेगिरी म्हटलं आहे. पण आपल्या पाण्यात कुणी, कोणत्या जहाजातून, कोणत्या अटीवर व्यापार करायचा हे ठरवणं म्हणजेच तर इंग्रजांचा नौकानयन कायदा! तो मोडणारं जहाज इंग्रजही जप्त करत. एकाचा कायदा, दुसऱ्याचा दरोडा. फरक पाहायचाच तर तोफांच्या संख्येत पाहावा.

१७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, सोबत ब्रिटिश शाही आरमाराची जहाजंही होती. तरी त्यांना हात हलवत परतावं लागलं. १७२९मध्ये कान्होजी वारले, मुलांत भाऊबंदकी झाली आणि तुळाजी आंग्रे व पेशवे यांचं बिनसलं. फेब्रुवारी १७५६मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कंपनीचा क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग समुद्रातून भाजून काढला, जमिनीवर पेशव्यांची फौज त्यांच्या मदतीला. तुळाजीचं आरमार तिथेच जळालं. आंग्रे राज्यातलं घर होतं, भांडण घरातलं होतं, पण जळालं ते पश्चिम किनाऱ्याचं सर्वांत कसदार आरमार. यात दोष एकट्या इंग्रजांना देता येत नाही, आणि हे लिहिताना बरं वाटत नाही.

## 'संरक्षण' नेमकं कशाचं?

हा शब्द जपून वापरावा. ब्रिटिश जहाजांनी १८०७पर्यंत सुमारे ३१ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. त्यांतली ४ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. त्या जहाजांची वाटही याच आरमाराने राखली. १८०७मध्ये संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यावर तेच आरमार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजं पकडू लागलं आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसं सोडवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत.

मुंबईही या गोष्टीत नुसती प्रेक्षक नाही. १७३६मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. सागाला ओकपेक्षा कूज कमी लागते. इथेच १८१३मध्ये बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावं लागलं. ब्रिटन-चीनमधल्या या लढाईला निमित्त होतं अफूच्या 'व्यापाराचं रक्षण', आणि त्या अफूतली माळव्याची बरीचशी मुंबईतूनच जात होती. १८१७चं 'त्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये पाण्यावर उभं आहे.

जिब्राल्टर, माल्टा, केप, मॉरिशस, एडन, सिंगापूर ही ठाणीही याच काळात एकेक करून ब्रिटिशांच्या हातात आली. कोळशावर चालणारी जहाजं आल्यावर त्यांचं महत्त्व आणखी वाढलं. एसटीला जसे डेपो लागतात तशीच ती होती. दोन डेपोंमधलं अंतर वाढलं की गाडी बंद.

## स्वतःचाच धडा विसरलेले लोक

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी एप्रिल १९१७मध्ये असा कहर केला, की ब्रिटनहून लांबच्या सफरीला निघालेल्या चार जहाजांमागे एक परत येईना. काफिले काढा, असं काही अधिकारी सांगत होते. आरमारी मुख्यालय म्हणे, शक्य नाही, आठवड्याला अडीच हजार जहाजं येतात आणि तितकीच जातात, सोबत द्यायची कुणाकुणाला? नंतर कळलं की या आकड्यात किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बारकी गलबतंही मोजली होती. महासागर ओलांडणारी जहाजं भरली आठवड्याला जेमतेम १२० ते १४०. मे महिन्यात काफिले सुरू झाले आणि त्यांतून जाणाऱ्या जहाजांचं नुकसान शेकडा एकाच्याही खाली आलं.

## आज हा रहाट कोण ओढतो?

हुथींनी १९ नोव्हेंबर २०२३ला पळवलेलं 'गॅलेक्सी लीडर' घ्या. झेंडा बहामाचा, मालकी आयल ऑफ मॅनला नोंदलेल्या कंपनीची, चालवणारी कंपनी जपानी, खलाशी फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन वगैरे देशांचे. अशा जहाजाचा कर नेमक्या कोणत्या देशाच्या आरमाराला मिळतो? एकेका देशाच्या चाकावर बसणारी गाडग्यांची माळ तुटून गाडगी जगभर विखुरली आहेत. राखण मात्र कुणाला तरी करावीच लागते.

डिसेंबर २०२३मध्ये सोमाली चाच्यांनी 'रुएन' हे जहाज पळवलं. झेंडा माल्टाचा, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. भारतीय एकही नाही. मार्च २०२४मध्ये भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने ते अडवलं आणि मरीन कमांडो विमानातून पाण्यात उतरवले गेले. १७ खलाशी सुटले, ३५ चाचे शरण आले. आठवड्याभराने कोलकाता मुंबईच्या नौदल गोदीत परतली आणि ते ३५ जण मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. सगळ्या मोहिमेचा खर्च भारताच्या तिजोरीतून झाला.